तुलनात्मक तक्ता आणि लिफ्टमधला नमुना

कार्यालयीन निरोपांसाठी कोणतं अ‍ॅप वापरावं, हे ठरवायला आमच्या वजनमापे कार्यालयानं एक समिती नेमली. हिरवं, निळं, जांभळं आणि साहेबांच्या मेव्हण्यांनी सुचवलेलं, अशी चार अ‍ॅप्स स्पर्धेत होती. आठवडाभर प्रत्येक निरोप चारही अ‍ॅप्सवर पाठवायचा, घड्याळ लावून मोजायचा आणि तुलनात्मक तक्ता भरायचा असं ठरलं. तोंडी बोलल्यानं निकालात फरक पडतो, म्हणून तोंडी बोलण्यास मनाई झाली. शेजारच्या टेबलावरचा स्टेपलर हवा असला तरी मी चार निरोप पाठवत असे, आणि शेजारी चारही ठिकाणी अंगठा टाकत असे. स्टेपलर मात्र येत नसे. त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

समितीचे सचिव आमचे हेडक्लार्क. त्यांची एकुलती एक मुलगी त्याच आठवड्यात एके दिवशी दुपारी चारच्या बसनं परगावी नोकरीला निघाली होती, ती थेट दोन वर्षांनी परतणार. साडेतीनला स्टँडवर पोचायचं म्हणून त्यांनी रीतसर परवानगी घेतली होती, चारही अ‍ॅप्सवर. त्या दिवशी बाराच्या सुमारास ते फाइल घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टनं मान टाकली.

"लिफ्टमध्ये अडकलो आहे, मेकॅनिकला बोलवा," हा निरोप त्यांनी आतून शिस्तीत चारही अ‍ॅप्सवर पाठवला. हिरव्यावर तो दोन सेकंदांत आला, निळ्यावर तीन, जांभळ्यावर पाच. मेव्हण्यांच्या अ‍ॅपवर आधी गाद्यांची जाहिरात आली. गटातल्या आम्ही एकावन्न जणांनी तो वाचला. चाळीसेक अंगठे पडले, काही जोडलेले हात, आणि हिशेबनिसांनी घाईत वाढदिवसाचा फुगा टाकला.

मी उठून जिन्याकडे निघालो होतो, हे इथे नमूद करतो. मेकॅनिक तळमजल्यावरच बाकड्यावर बसला होता, पण त्याच्याकडे साधा फोन, त्यामुळे गटात नव्हता. साहेबांनी नाइलाजानं तोंड उघडलं.

"कुठे निघालात?"

"मेकॅनिकला हाक मारायला, साहेब."

"तपासणी संपल्याशिवाय नमुना जागचा हलवायचा नसतो. वीस वर्षं नोकरी झाली तुमची, एवढं कळू नये?"

नियम खराच आहे. तराजू असो की तेलाचं माप, मोजणी पुरी होईपर्यंत आम्ही कुणाला हात लावू देत नाही. शिवाय बंद लोखंडी पेटीत कोणतं अ‍ॅप चालतं, हे तपासायची संधी पुन्हा कधी आली असती? मग हेडक्लार्कना आतून फोटो पाठवायला सांगितलं, पाठोपाठ आवाज, पाठोपाठ ठिकाण. हिरव्या अ‍ॅपनं ते आमच्याच इमारतीत असल्याचं दाखवलं, मेव्हण्यांच्या अ‍ॅपनं तळ्यात. व्हिडिओत त्यांचा घाम किती स्पष्ट दिसतो, यावर समितीत मतभेद झाले. बिचारे रडकुंडीला आले होते, पण सचिव असल्यामुळे आत बसून तक्ताही भरत होते. रकाना रिकामा सोडणं त्यांच्या रक्तातच नाही.

दोनच्या सुमारास सफाईवाल्या मावशींना लिफ्टच्या दारावरच्या थापा ऐकू आल्या. त्यांनी जिन्यातून वाकून मेकॅनिकला एक हाक मारली आणि पाच मिनिटांत हेडक्लार्क बाहेर आले. चाचणीत व्यत्यय आणल्याबद्दल मावशींना चारही अ‍ॅप्सवर नोटीस काढण्यात आली. त्या एकाही अ‍ॅपवर नसल्यामुळे ती अजून पोचलेली नाही.

बसला अजून दोन तास होते. हेडक्लार्क पाणी प्यायले, हाताशी वेळ आहे म्हणून उरलेला तक्ता पुरा केला आणि मगच निघाले. बरोबर साडेतीनला ते स्टँडवर पोचले, तर फलाट रिकामा. बस तीनलाच सुटली होती. त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, बस तासभर आधी सुटणार आहे, हे मी सकाळीच कळवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही लगेच अंगठाही टाकलात. मी बस सुटेपर्यंत दारात उभी होते."

त्यांनी फोन उघडून पाहिलं. निरोप होता, आणि खाली त्यांचाच अंगठा होता. सकाळपासून दिसेल त्या निरोपावर ते टाकतच होते. फलाटावरच्या बाकावर बसून हा साठीला टेकलेला माणूस हमसून हमसून रडला.

ही सगळी हकीकत त्यांनी संध्याकाळी गटावर लिहिली, चांगली दोन पानं. मी ताबडतोब रडका चेहरा टाकला. वाचली दुसऱ्या दिवशी, ते रजेवर का आहेत ते कळेना म्हणून. पण माझ्या आधी तिघांनी रडका चेहराच टाकला होता, त्यावरून विषय दुःखाचा असणार एवढा अंदाज आला होता.

माझी ही गोष्टही जरा लांबलीच. तुम्ही ती सगळी वाचलीत की थेट शेवटाला उतरलात, हे मी विचारणार नाही. खाली एक अंगठा टाका आणि पुढचं उघडा.