नववा खंड आणि मास्तरांची मिशी

दादांनी वस्तऱ्याला नवं पातं लावलं, नववा खंड मांडीवर उपडा ठेवला आणि त्याची शेवटची अठरा पानं अशी अलगद कापून काढली, की पुस्तकालाही पत्ता लागला नसेल.

“अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?” बायको दारातूनच ओरडली. “चांगलं नवंकोरं पुस्तक कापताय?”

“पुस्तक नाही कापत, स्वतःला आवरतोय. ही पानं धर. मला सापडणार नाहीत अशा जागी ठेव. मी साठ वेळा मागितली तरी देऊ नकोस. पुस्तक वाचून संपलं की मगच.”

दादा म्हणजे चौकातल्या सलूनचे मालक, आणि तिथले एकमेव कारागीरही तेच. दोन गिऱ्हाइकांच्या मधे जी पाच-दहा मिनिटं मिळत, त्यात ते राक्षस, शापित राण्या आणि उडणारे घोडे यांच्यात रमत. हात बघावेत तर असा स्थिर माणूस नाही. पण हातात पुस्तक आलं की त्यांना एकच खोड होती. शेवट आधी बघायचा. नाही बघायचं, नाही बघायचं म्हणता म्हणता बोटं आपोआप शेवटच्या पानाशी जायची.

या एकाच महाकादंबरीत त्या खोडीने त्यांचं पार वाटोळं केलं होतं. तिसऱ्या खंडात धाकटी राणी दगा देणार हे त्यांना आधीच कळलं, आणि मग ती बिचारी सहाशे पानं गोड हसत राहिली आणि हे सहाशे पानं दातओठ खात राहिले. पाचव्या खंडात पंखवाला घोडा शेवटी मरतो हे बघून ठेवलं होतं. त्यामुळे पहिल्याच प्रकरणात घोडा गवत खायला लागला आणि दादांना हुंदका फुटला. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्या केसांचं काहीतरी भयंकर झालंय. ते घाबरून अर्ध्यावर उठलं.

म्हणून या वर्षाचा त्यांचा संकल्प होता. लोक म्हणतात वर्षात पन्नास पुस्तकं वाचीन, शंभर वाचीन. दादांनी ठरवलं होतं, आयुष्यात एक तरी शेवट शेवटी वाचायचा. आठ खंड ज्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता तो मुखवटेवाला नवव्यात मुखवटा काढणार होता. तो कोण, हे दादांना त्या क्षणी, त्या पानावर, धडधडत्या छातीने कळायला हवं होतं. बास, दुसरं काही मागणं नव्हतं.

बायकोने पानं नेली. आता धोका एकच उरला. मास्तर.

मास्तर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक आणि दादांचे वाचनातले भागीदार. दोघं मिळून एकच प्रत घेत. मास्तर चार दिवसांत फडशा पाडत, म्हणून पहिला नंबर त्यांचा. त्यांनी नववा खंड वाचून दादांच्या हातात दिला तेव्हा शपथ घेतली होती, “अवाक्षर काढणार नाही.” पण चौथ्या खंडाच्या वेळीही त्यांनी अशीच शपथ घेतली होती आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते, “मी काही सांगत नाही बुवा, पण त्या म्हाताऱ्या जादूगारावर फार जीव लावू नकोस.”

गुरुवारी सकाळी मास्तर दाढीला आले तेव्हा दादांची एकसष्ट पानं राहिली होती. मास्तरांचा चेहरा असा फुललेला, की आता फुटतात की मग फुटतात. दादांनी ते लगेच ओळखलं. त्यांनी पाठ फिरवली, कापसाचे दोन चांगले बोळे केले आणि कानात गच्च कोंबले. मग निर्धास्त मनाने साबण फेसायला घेतला.

मास्तर डोळे मिटून बोलायला लागले. ओठ हलत होते, भुवया नाचत होत्या. दादा मनात म्हणत होते, बोला, हवं तितकं बोला. हाताखाली ठेवलेल्या रद्दीतून एकेक कागद ओढायचा, वस्तऱ्याचा फेस त्याला पुसायचा, कागद टोपलीत टाकायचा. हात सवयीने चालत होते आणि दादा आरशाऐवजी छताकडे बघत होते. न जाणो, ओठांवरून काही कळलं तर!

मधेच मास्तरांनी हात वर केला आणि आडवा तळवा नाकाखालून सर्रकन फिरवला. दादा थबकले. काय? सगळी? तीस वर्षांची ती झुपकेदार मिशी? मास्तरांनी पुन्हा तळवा फिरवला, या वेळी जास्त जोरात, वर मानही हलवली. कापूस काढून विचारावं, तर नेमका त्याच क्षणी मुखवटेवाला कानात शिरायचा. ‘असेल बुवा,’ दादा म्हणाले, ‘निवृत्तीनंतर माणसाला काहीही वाटतं.’ आणि त्यांनी चार हातांत मिशी साफ केली.

मास्तरांनी डोळे उघडले. आरशात बघितलं. मागे वळून बघितलं, दुसरं कुणी बसलंय का म्हणून. मग त्यांचं तोंड एवढं मोठं उघडलं, की दादांनी घाबरून दोन्ही बोळे उपसले.

“माझी मिशी!”

“तुम्हीच तर म्हणालात! असा हात केलात!”

“अरे, मी घरातल्या फुटलेल्या नळाचं सांगत होतो! मोरीत पाणी इथपर्यंत आलं, इथपर्यंत, असं दाखवत होतो!”

“नळाचं? म्हणजे पुस्तकाचं नाही?”

“पुस्तकाचं अवाक्षर काढलं नाही मी! शपथ पाळत होतो आणि तू माझं नाक उघडं पाडलंस?” मास्तर टॉवेल गळ्यातच घेऊन तरातरा निघून गेले.

दादांना फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण एकसष्ट पानं होती ना. शुक्रवार, शनिवार त्यांनी डोळे फुटेस्तोवर वाचलं. रविवारी संध्याकाळी मुखवटेवाला सिंहासनासमोर उभा राहिला, त्याचा हात मुखवट्याकडे गेला आणि पानं संपली. दादा उठले. जिंकले होते ते! एकदाही मागितली नव्हती पानं.

“आण ती पानं!” ते आनंदाने म्हणाले.

“इथे कुठे आहेत? तुमच्या दुकानातच ठेवलीत,” बायको म्हणाली. “घरातला डबा न् डबा उचकटता तुम्ही. म्हटलं, ज्याच्याकडे हे कधी ढुंकून बघत नाहीत अशी जागा कुठली? तर ती रद्दी. अगदी तळाला सरकवली, वरची संपायला चार महिने जातील.”

दादा खाली बसले. रद्दीवर ते दगड ठेवत, वाऱ्याने उडू नये म्हणून. आणि दगड कोण उचलणार, म्हणून कागद कायम खालून ओढत.

दुकानात टोपली उपडी केली तेव्हा त्या अठरा पानांपैकी वाचता येईल असा एकच तुकडा मिळाला. त्यावर लिहिलं होतं, ‘आणि मुखवटा खाली पडताच सगळा दरबार किंचाळला, कारण तो होता’. पुढे वाळलेला फेस होता आणि त्यात मास्तरांची मिशी.

पुस्तकवाल्याने सांगितलं, आवृत्ती संपली, नवी कधी येईल देव जाणे. दादांचा इलाजच खुंटला. ते तडक मास्तरांच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच हात जोडले.

“मास्तर, चुकलो. हवं तर माझं डोकं भादरा. पण तो कोण होता, तेवढं सांगा.”

मास्तरांनी सगळी हकीकत ऐकली. मिशी नेमकी कुठल्या पानाला पुसली गेली हे कळल्यावर त्यांच्या उघड्या ओठांवर त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच हसू उमटलं.

“सांगेन ना,” ते म्हणाले. “मिशी होती तशी आली, की त्या दिवशी सांगेन. त्याआधी नाही. आणि या वेळी शपथ म्हणजे शपथ.”

त्या दिवसापासून दादा रोज मास्तरांच्या घरी. तेलाची बाटली स्वतः नेऊन दिली, चोळायचं कसं तेही दाखवलं. “कालच्यापेक्षा दाट वाटते हं,” म्हणायचे. मास्तर गालातल्या गालात हसायचे. तीन आठवड्यांत नाकाखाली चांगली काळी-पांढरी रेघ उमटली. दादांना झोप गोड लागायला लागली.

चौथ्या रविवारी मास्तर दुकानात आले ते एकटे नाही. मागे मास्तरीणबाई होत्या, आणि बाईंच्या कडेवर दोन वर्षांची नात.

“दादा, तुमचे उपकार कसे फेडू?” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं मला वाटायचं, यांचा स्वभावच रागीट. अहो, ती नुसती मिशी होती! ही पोर यांना बघून भोकाड पसरायची. मिशी गेली आणि गळ्यातच पडायला लागली. आता बघा, दोन-चार दिवस परत लांब लांब राहते. तेव्हा काढून टाका ती. आणि दर तीन दिवसांनी काढत जा. मुळीच उगवू द्यायची नाही.”

दादा घाईघाईने पुढे झाले. “बाई, थोडी राहू दे ना. तीन महिने फक्त.”

“छे! तीन दिवसही नाही.”

“मास्तर!” दादा काकुळतीला आले. “मग शेवट?”

“शपथ घेतलीय मी,” मास्तर खुर्चीत टेकत म्हणाले. “मिशी पूर्ण आली की सांगणार.”

“मग येऊ द्या की!”

“ते माझ्या हातात असतं तर आणखी काय हवं होतं?” मास्तरांनी बाईंकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

“दादा, कसला विचार करताय? चला, आटपा,” बाई म्हणाल्या. नात आजोबांकडे झेपावायला बघत होती.

दादांनी त्या रेघेकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग एक लांब सुस्कारा सोडून त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि नवव्या खंडाच्या शेवटाला स्वतःच्या हातांनी साबण लावायला सुरुवात केली.