लायनक्सवाले मेश्राम काका

आमच्या नेरमध्ये मेश्राम काकांकडे लॅपटॉप घेऊन गेलं, की ते आधी लॅपटॉपकडे बघतसुद्धा नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "जमीन कशी हाय?"

जमीन म्हणजे मेमरी. चार जीबी म्हणजे हलकी, आठ म्हणजे मध्यम, सोळा म्हणजे काळी कसदार. पहिल्या वेळी मी भाबडेपणानं सांगून बसले होते, "काका, आमची ठेक्यानं दिली." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की इंजिनिअरिंगची डिग्री परत करावीशी वाटली.

काका आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झाले. बरोबरची मंडळी देवदर्शनाला लागली, काका लायनक्सला लागले, म्हणजे विंडोजच्या जागी फुकटात बसवता येणाऱ्या सिस्टिमला. विंडोज म्हणजे त्यांच्या मते किरायाचं घर. "मालक कवाही येते अन् म्हणते, पलंग इकडून तिकडं सरकवा. कायले पाह्यजे असं घर?" लग्नाच्या पंगतीतही हेच. वाढणारा वरण घेऊन येऊन जातो आणि काकांचा भात कोरडाच राहतो.

बळजबरी मात्र नाही. त्यांचा नियम बैलबाजारातला. बैल घ्यायचा, तर आधी जुंपून पाहायचा. म्हणून ते लायनक्स भरलेला पेनड्राइव्ह हातात ठेवतात. "ह्याच्यावरून चालवून पाहा. तुह्या लॅपटॉपातलं काही हालत नाही. पटलं त बसवू, नाही त वापस आण." वापस आणणाऱ्यावर रागावत नाहीत, पण तो नेमका कुठं अडला हे विचारून विचारून त्याचा जीव खातात. माझ्या मामेभावानं कंटाळून शेवटी तो पेनड्राइव्ह ठेवूनच घेतला.

मी त्यांच्याकडे गेले ती रडकुंडीला येऊन. अमरावतीहून इंजिनिअरिंग झालं आणि मी घरी बसले. बाबा नाहीत, आईचे गुडघे गेलेले. तिला एकटं टाकून पुण्याला जाणं मला जमणार नव्हतं. अशात पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं घरून प्रोग्रामिंग करायचं काम दिलं. लॅपटॉप आपापला. माझा जुनाट, त्यात विंडोज. काम उघडलं, की त्याचा पंखा असा घुमायचा की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "चक्की लावली काय वं?"

काकांनी पेनड्राइव्ह दिला. सुरुवातीला मी लायनक्सला भरपूर शिव्या घातल्या, मग हात बसला. प्रोग्राम चालायला लागले, पंखा थंड झाला. माझी नोकरी टिकली ती या माणसामुळे, हे मी कोणालाही सांगते. त्यानंतर रोज संध्याकाळी काकांच्या ओसरीवर चहा आणि भांडण हा आमचा नेमच झाला.

यंदा दिवाळीनंतर कंपनीचा निरोप आला. नव्या कामाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. सोमवारपर्यंत विंडोज बसवा, नाही तर पुण्याला येऊन ऑफिसातल्या मशीनवर बसा.

काकांना सांगायला माझी जीभ उचलेना. शेवटी सांगितलं. काका चहा तसाच ठेवून आत गेले. मला वाटलं, झालं, गेला आपला गुरू.

रविवारी सकाळी काका आमच्या दारात. हा माणूस कोणाच्या घरी जाऊन काम करत नाही. "पेशंट दवाखान्यात येते, दवाखाना पेशंटकडं जात नाही," असं नगराध्यक्षालासुद्धा ऐकवलेलं. खिशातून कागदात गुंडाळलेली मेमरीची पट्टी काढली.

"तुही जमीन हलकी हाय. विंडोजचं पीक त्याच्यात नाही येत."

कुठून आणली विचारलं, तर म्हणाले, "होती पडलेली." पट्टी बसवली आणि विंडोज चढवायला घेतलं. मधे मधे पडद्यावर अटी आल्या, की त्याच्याशी बोलत होते, "हो बापा, मंजूर. हेबी मंजूर." सगळं नीट चालतंय हे पाहिलं, आणि मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

सोमवारी काम सुरळीत सुरू झालं. संध्याकाळी मी पेढे घेऊन गेले. ओसरीवर काकांचा स्वतःचा लॅपटॉप पालथा पडला होता, मागचं झाकण उघडं, आत मेमरीची जागा रिकामी.

मी भडकलेच. "काका, सोताची काढून दिली? काहून? मी अमरावतीहून मागवली असती."

"ते येईपर्यंत सोमवार निंगून गेला असता."

"अन् किरायाचं घर? ते कसं चाललं तुम्हाले?"

काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "विंडोज नसतं बसवलं, त तू पुण्याले गेली असती."

 ते हळूच पुढं बोलले, "ज्याले ज्याले शिकवलं, थो पुण्याले गेला बाई. चांगलंच झालं त्याहिचं. पण तुही काकू वारल्यापासून ह्या ओसरीवर रोज येणारी तूच एक हाय. लायनक्सचं काय, थे कवाही बसवता येते."

मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात देऊन आत गेले. त्यांच्या गॅसवर चहाचं आधण ठेवलं. आतूनच विचारलं, "पण काका, विंडोजमधे एवढं वाईट हाय तरी काय?"

बाहेरून उत्तर सुरू झालं, ते चहा उतू गेला तरी संपलं नव्हतं.