आजीच्या विरजणाची डबी

"आमचे विषाणू गाईसारखे गरीब," असं चिमी घरात ठणकावून सांगायची. प्रयोगशाळेत ती जिवाणू खाणारे विषाणू वाढवायची. "एकेकाचा जिवाणू ठरलेला असतो. त्याच्याशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत."

"म्हणजे जेवायला तुझ्यासारखेच नखरेल," आई म्हणायची.

या नखरेल मंडळींना चारा म्हणून दह्याचे जिवाणू हवे होते. चिमीने स्टीलच्या डबीतून आईचंच थोडं विरजण नेलं. ते आईला तिच्या आईने लग्नात दिलेलं. रोज थोडं राखायचं, त्यावर पुढचं दही लावायचं. आजी गेली, विरजण राहिलं.

विषाणू त्यावर असे पोसले, की सरांनी चिमीची पाठ थोपटली. आईने एवढंच विचारलं, "ते राहू दे. माझी डबी कुठाय?"

रोज विचारलं. शेवटी चिमीने प्रयोगाच्या टेबलावरची डबी साबणाने खसाखसा घासून घरी आणली. आईचा जीव भांड्यात पडला आणि विरजण डबीत.

दुसऱ्या सकाळी दही लागलंच नाही.

"दुधात पाणी घालतोस?" आईने दूधवाल्याला दारातच धरलं.

"पाण्याने दही पातळ होतं, ताई. हे तर दूधच राहिलंय."

"म्हणजे भलतंच काहीतरी घातलंयस."

इतक्या वर्षांचा माणूस, किटली उचलून चालता झाला.

शेजारच्या काकूंकडे आईनेच दिलेलं विरजण होतं. आईने डबी पुढे केली. काकूंनी चमच्यातलं विरजण डबीत खरवडून घातलं आणि तोच चमचा आपल्या पातेल्यात परत बुडवला. सकाळी दोन्ही घरांत दूध जसंच्या तसं.

"तुमच्या हातालाच काही झालंय का हो?" काकू म्हणाल्या.

आई ओट्यापाशी बसून राहिली. "आईची एवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे. तीही सांभाळता आली नाही."

समजूत घालायला चिमी पुढे झाली, तेवढ्यात तिची नजर डबीवर गेली.

"आई, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. डबीतून माझे विषाणू आलेत. साबणालाही पुरून उरले."

"गरीब ना गं ते?"

"माणसांशी."

प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये, उणे ऐंशी अंशांत, त्याच विरजणाचा नमुना जपलेला होता. चिमी धावत सरांकडे गेली.

"नमुना ठणठणीत आहे," सर म्हणाले. "पण इथलं काही खाण्यासाठी बाहेर जात नाही. नियम माहीत आहे ना?"

माहीत होता. डब्यांनाही तो लागू होता, हे तिला आत्ता सुचलं.

आता घरी दुकानातल्या दह्याचं विरजण आहे, आजीचं फ्रीजरमध्येच. चिमीने हातापाया पडून दूधवाल्याला परत आणलंय. तो दूध घालतो, पण आईशी बोलत नाही. चिमी प्रयोगशाळेला निघाली की आई रोज दारापर्यंत येते.

"तिथे फार गारठा नाही ना गं तिला?"

आणि तापमानात अर्ध्या अंशाचीही चूक खपवून न घेणारी चिमी चपला घालता घालता सांगते, "नाही गं. छान ऊब आहे."