सुक्या लाकडांचा बाबलोकाका

मुळगावातला आमचा शेजारी बाबलोकाका स्वतःच्याच घरात शिरताना चौकटीवर टकटक करतो. आत दुसरं कोणी नाही. घराला दारही नाही, गोणपाट लोंबतं. बाजूला मात्र सुक्या लाकडांची मोठी रास, आणि राशीवर कौलांचं छप्पर. माणसाच्या डोक्यावर गळकी झावळं आणि लाकडांना कौलं! "काका, त्यातलं दार तरी कर," लोक चिडवतात. "तां मेल्यांचां," तो म्हणतो.

काका सावंतवाडीकडून खाणीवर आला. केस पिकले, तरी गावाला तो अजून भायलोच, बाहेरचा. भायल्यांना गावच्या मसणात जागा नाही; ते जळतात पलीकडे, नदीकाठी. लाकडं काका देतो, फुकट. नवा मजूर बसमधून उतरला की चहापाणी राहिलं बाजूला, काकाचा पहिला प्रश्न: "तू मेलंस तर तुका न्हेवक कोण येतलो?" अर्धे तिथूनच पळतात. उरलेले बसतात आणि आपला गाव सांगू लागतात.

राशीतली भगदाडं दाखवत काका ती माणसं मला सांगतो. "हंय आंबो होतो. तो बेळगावच्या यल्लाप्पाक गेलो. गावात पाणी नाय म्हणान इल्लो, खाणीच्या पाण्यात बुडान मेलो. हंय फणस. कोल्हापूरची शेवंता. लोकांची घरां बांधी, परांचीवयलान पडली. तिचां घर गावाक तसांच ऱ्हवलां, अर्धां." सरकारदरबारी ही माणसं कुठेच नाहीत. काकाच्या राशीत आहेत, भोकं होऊन.

आमच्या केंद्रशासित मुलखाचं घटक राज्य झालं तेव्हा आम्ही पोरं पत्रकं वाटत होतो: राज्य आमचं, माती आमची! काकानं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मग म्हणाला, "झिला, आमची म्हणजे माजी पण? तर मगे विचार तेंका, माका मसणात जागा गावतली? नदीकाठ आता खाणीच्या मातयेन भरलो. माका खंय जाळतले?"

विचारलं. देवळासमोर बसलेल्या गावकारांचं, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या मानकऱ्यांचं, उत्तर तयारच होतं. "मसण गांवकारांचें. भायल्यांनी आपल्या गांवांत वचचें."

"मेलेल्यानं? बसनं?" मी ओरडलो.

ते हसले. हसले! त्यांच्यातल्या दोघांच्या खिशात आमचं पत्रक होतं.

परत आलो तेव्हा काका लाकडं उलटी करून उन्हात घालत होता. "नाही म्हणाले," मी सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. ती मान बघून माझं डोकं फिरलं आणि मी त्याच्यावरच घसरलो. "मग घाल ही लाकडं चुलीत! नाहीतर दार कर एकदाचं!"

"दार होतां मरे," तो म्हणाला. "तुजी काकी पावसात गेली. गावान लाकूड दिल्यान नाय. घरात सुकां तेवडांच होतां."

हातातला ओंडका त्यानं राशीवर नीट बसवला. घराकडे गेला, चौकटीवर टकटक केली, जरा थांबला, आणि गोणपाट सारून आत शिरला.