विहीणबाईंचा पांढरा वाडगा

नव्या वस्तूचं स्वागत कसं करावं, हे कांचनकाकूंना शिकवणारं माणूस अमेरिकेतल्या अख्ख्या पार्सिपनी गावात सापडलं नसतं. फ्रिज असो, लॅपटॉप असो की बर्फ काढायचं मशीन, हळदीकुंकवाची बोटं लागल्याशिवाय त्यांच्या घरात काहीच सुरू होत नसे.

त्यामुळे लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंनी, मिचिकोबाईंनी, स्वतःच्या हातांनी घडवलेला चहाचा पांढराशुभ्र जपानी वाडगा पाठवला, तेव्हा काकूंना कोण आनंद झाला! लगेच त्यांनी ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. पण वाडगा बाहेरून कोऱ्या मातीचा, झिलई न दिलेला. त्याने रंग पिऊनच टाकला. आणि मिचिकोबाई तासाभरात पहिल्यांदाच घरी येणार होत्या.

"घाबरू नकोस," सुमंतकाका म्हणाले. ते रिटायर्ड केमिकल इंजिनिअर. "थोडा बेकिंग सोडा लावू."

सोडा लागताच हळद लालभडक झाली.

"अहो, हे काय केलंत?"

"क्लासिक रिअ‍ॅक्शन आहे," काका कौतुकाने म्हणाले.

मग लिंबू पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं, पण आता ते वाडगाभर पसरलं. काकूंना वाटलं, झालं, मोडली सोयरीक.

अनया आत आली ती बघतच राहिली. "आई, प्लीज टेल मी यू डिडन्ट."

तिच्यामागे मिचिकोबाई उभ्या होत्या. त्यांनी वाडगा उचलला आणि हळूहळू फिरवून पाहिला.

"आमच्यात नव्या वस्तूची पूजा करतात," काकू मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "ती घरात सुखाने नांदावी म्हणून. चुकलं माझं."

मिचिकोबाईंनी वाडगा छातीशी धरला. "लोक माझे वाडगे काचेच्या कपाटात कोंडून ठेवतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही याला घरातलं करून घेतलंत."

काकूंचे डोळेच भरून आले. त्यांनी विहीणबाईंना घट्ट मिठी मारली.

"एक विनंती आहे," मिचिकोबाई म्हणाल्या. "मी कालच नवी गाडी घेतली. तिचीही पूजा कराल?"

काकूंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्या ताट घेऊन तरातरा निघाल्या आणि दारातच थबकल्या. ड्राइव्हवेमध्ये गाडी उभी होती, दुधासारखी पांढरी.

विहीणबाई कौतुकाने वाट बघत होत्या. काकूंनी बोट हळदीत बुडवलं.

"अनया," काका हळूच म्हणाले, "त्या पेंटवरची हळद कशाने निघते, ते जरा गूगल कर."