एलादियोचं सुपर पेट्रोल

नवी हायब्रिड गाडी नीदियाच्या हातात लिटरला बावीस किलोमीटर द्यायची आणि तिच्या नवऱ्याच्या, एलादियोच्या हातात सतरा. फरक पायाचा होता. (एलादियो अ‍ॅक्सिलरेटरवर झुरळ मारल्यासारखा पाय ठेवायचा.) पण त्यानं दोष पेट्रोलला दिला.

"आजपासून सुपर!" रविवारी सकाळी कार्तागो शहरातल्या पंपावर त्यानं जाहीर केलं. "ऑक्टेन जास्त, म्हणजे मायलेज जास्त."

"अहो, या इंजिनाला साधं पुरतं, असं कंपनीच सांगते."

"कंपनीला काय कळतंय!"

दोघं तुरियाल्बाला नीदियाच्या आईला आणायला निघाले होते. गाडी डोंगर उतरत गेली आणि पडद्यावरचा मायलेजचा आकडा चढत गेला. चोवीस, अठ्ठावीस, तेहतीस! एलादियोनं गाडी कडेला घेऊन फोटो काढला आणि सगळ्या मेव्हण्यांना पाठवला. सासूबाईंच्या, म्हणजे एर्मेलिंदाबाईंच्या घरी कॉफीच्या आधी ऑक्टेनवर व्याख्यान झालं.

"बघाच आता," म्हणत परतताना त्यानं आकडा नव्यानं सुरू केला.

मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर कोंबडी, पायाशी चायोते भाजीचं पोतं; आणि समोर चढ. वीस. सोळा. बारा. एलादियोनं एसी बंद केला. मग वाऱ्यानं गाडी अडते म्हणून उघडलेल्या काचाही वर घेतल्या. कोंबडी चोच उघडून धापा टाकू लागली.

"जावईबापू, आम्ही श्वास घेतला तर चालेल ना?" सासूबाईंनी विचारलं.

"जरा वजन कमी झालं असतं तर..." पोत्याकडे बघत तो पुटपुटला.

"खरंय," नीदिया शांतपणे म्हणाली. "पुढे पाराइसोच्या बसथांब्यावर थांबवा."

एलादियो खुशीत पोतं काढायला उतरला. तोवर नीदिया सरकून स्टिअरिंगमागे बसली होती.

"बस येईलच हो," म्हणाली आणि गेली.

बसमध्ये उभ्यानं चेंगरून तो घरी पोचला, तेव्हा मायलेकी निवांत कॉफी पीत होत्या.

"आकडा?" त्यानं दारातूनच विचारलं.

"वाढला की! तुम्ही उतरलात तसा वाढतच गेला."

"अगं, तिथून पुढे चढच नाही फारसा!"

"अस्सं? मग सकाळी सगळा उतार होता, ते फोटो काढताना नाही सुचलं?"

सासूबाईंना त्याची दया आली.

"असू दे गं. पुढच्या वेळी सुपरच भरा हो जावईबापू," त्या मायेनं म्हणाल्या. "फक्त गाडीत तुम्ही बसू नका."