मागच्या सीटवरचे तांदूळ

मेश्राम काका कुठल्याही वाहनाकडे बघून एकच प्रश्न विचारतात. "देते किती?"

डबलडेकर बसच्या ड्रायव्हरला त्यांनी हे विचारलेलं मी स्वतः पाहिलंय. बाहेर पाऊस, मागे क्यूमध्ये पंधरा भिजलेली माणसं, आणि काका पास दाखवता दाखवता, "हाऊ मच डज शी गिव्ह?" आमच्या रोडवरचे एक म्हातारे साहेब गेले तेव्हा आम्ही दोघं चर्चमध्ये गेलो होतो. लोक गंभीर चेहऱ्याने आत शिरत होते. काका मात्र शवपेटी आणलेल्या त्या लांबलचक काळ्या गाडीच्या शोफरजवळ रेंगाळले. थोड्या वेळाने माझ्या शेजारी येऊन बसले, डोळे मिटले, हात जोडले आणि पुटपुटले, "एकोणीस. पण तो हळू चालवतो ना बे, म्हणून."

काका मूळचे नागपूरचे. बर्मिंगहॅममधल्या एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आता रिटायर आहेत. आमची घरं एकमेकांना चिकटलेली, मधली भिंत कॉमन. मी घरून काम करणारा आयटीवाला पुणेकर. काका मला 'पुणेकर' याच नावाने हाक मारतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या मते ते वापरण्याइतकी माझी अजून प्रगती झालेली नाही.

तर या काकांच्या गॅरेजमध्ये एक स्नोमोबाइल आहे. पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, आणि मधे मोटरसायकलसारखी लांब सीट. बर्फावर चालणारी गाडी. बर्मिंगहॅममध्ये बर्फ वर्षातून एकदा पडतो, दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो, आणि तेवढ्यात कौन्सिल शाळा बंद करून मोकळी होते. इथे स्नोमोबाइल पाळणं म्हणजे जैसलमेरला होडी पाळण्यासारखं.

मी तसं बोलूनही दाखवलं. काका प्लगवरची काजळी पुसत होते. "पुणेकर, होडीला ॲव्हरेजचा प्रॉब्लेम नसतो. हिला आहे. ही गॅलनला पाच मैल देते. मला आठ पाहिजे."

"आठच का?"

तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. रिटायर झाल्यावर काका आणि विमलकाकी स्कॉटलंडला एका मेंढपाळाच्या फार्मवर राहायला गेले होते. काकी इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या. त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे बस बंद, आणि नाइट ड्युटीला घसरत घसरत पायी जाणं. सुखाचा बर्फ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. फार्मवाल्याने ही गाडी दिली आणि म्हणाला, पंधरा मैल वर डोंगरमाथा आहे, हवा स्वच्छ असली तर तिथून समुद्र दिसतो. दोघं निघाले. दहा मैलांवर काकांनी टाकीत डोकावून बघितलं, तर अर्धी.

"ती मागून म्हणत होती, अहो, अजून थोडं जाऊ. अजून थोडंच. मी म्हणालो, गणित बसत नाही." काकांनी प्लग उजेडात धरला. "वळवली गाडी."

पुढच्या वर्षी त्यांनी फार्मवाल्याकडून तीच गाडी विकत घेतली आणि ट्रेलरवर घालून घरी आणली. चार गॅलनची टाकी, जाऊन-येऊन तीस मैल. साडेसात लागतात, आठ म्हणजे निर्धास्त.

"पण काका, जास्तीचं पेट्रोल डब्यात घेऊन जायचं ना!" आयटीतल्या माणसाला सगळ्या गोष्टींचं उत्तर लगेच सुचतं.

"डबा कुठं बांधू? मागं विमल बसते. तिच्या पाठीला पेट्रोल टेकवू? वासानंच मळमळतं तिला."

मग सुरू झाले प्रयोग. काकांनी कार्ब्युरेटर इतक्या वेळा उघडला की त्याचे स्क्रू हातानेच फिरू लागले. मागचा पट्टा फार ताणलेला होता, तो सैल केला. आतला बेल्ट झिजून घसरत होता, नवा टाकला. प्लगचा रंग कसा हवा हे मला शिकवण्यासाठी त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. "हा रंग. काळा झाला तर पेट्रोल वाया. पांढरा झाला तर पिस्टन जळालं समज. कंजुषीलाबी लिमिट असते, पुणेकर." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून म्हटलं.

ट्रायलसाठी कारखान्यातले त्यांचे जुने दोस्त टेरी यांचं गावाबाहेर कुरण होतं. ओल्या गवतावर ही गाडी चालते, फक्त पट्ट्याच्या आतले सरकते भाग बर्फाऐवजी पाण्याने ओले ठेवावे लागतात, नाहीतर वितळतात. ते काम माझ्याकडे होतं. दोन पदव्या असलेला मी, ऑगस्टपासून दर रविवारी सकाळी झाडांना पाणी घालायची झारी घेऊन एका यंत्राच्या मागे धावत होतो. टेरीचे घोडे कुंपणाला नाक लावून बघत. एकदा कुत्रा फिरवणाऱ्या बाईंनी थांबून विचारलं, "स्नो फोरकास्ट आहे का?"

"नो मॅडम," काका म्हणाले, "टेस्टिंग ओन्ली." जणू त्याने सगळा उलगडा होत होता.

आणि मागच्या सीटवर तांदूळ. इंडियन दुकानातल्या दहा-दहा किलोच्या पिशव्या एका कॅनव्हासच्या थैल्यात भरून काका तो माणसासारखा उभा बांधत. वर एक सुटी पिशवी, कमीजास्त करायला. "मागं लोड पाहिजे ना," काका म्हणायचे. ऑगस्टमध्ये अठ्ठावन्न किलो होतं. थैला उचलून ठेवायचं कामही माझंच, त्यामुळे आकडा माझ्या कमरेला पाठ होता.

सप्टेंबरात छप्पन. ऑक्टोबरात त्रेपन्न. नोव्हेंबरात एक्कावन्न. इकडे ॲव्हरेज चढत होतं. साडेसहा, सात, सव्वासात. मी मनात हसत होतो. म्हटलं, वा काका, भात काढून घेतला की कुठलीही गाडी पळेल.

डिसेंबरातल्या एका रविवारी टाकी आटत आली आणि गाडी कुरणाच्या मधोमध बंद पडली. काका टेरीकडे चहा घ्यायला गेले होते. मी एकटा. आता, पुण्यात ज्याने स्कूटर चालवली आहे त्याला बंद गाडी दिसली की हात आपोआप पुढे होतो. गाडी एका बाजूला कलती करायची, तळाचं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे येतं, किक मारायची, घर गाठायचं. मी खांदा लावला आणि स्नोमोबाइल कलती केली.

स्कूटरचं वजन मला झेपतं. हिचं माझ्या तिप्पट निघालं. ती शांतपणे, एखादी म्हैस बसावी तशी आडवी झाली. मी गवतात, झारी माझ्या पोटावर, आणि थैला फाटून तांदूळ चिखलात.

काका धावत आले. मला वाटलं, आधी गाडी बघतील. ते गुडघ्यांवर बसून तांदूळ वेचायला लागले. मूठ मूठ, चिखलासकट.

"अहो काका, राहू द्या!" मी कपडे झटकत म्हणालो. "चार किलो गेले तर चांगलंच आहे की, आज आठ देईल! तसंही तुम्ही दर महिन्याला गुपचूप कमी करताच ना. सगळं कळतं मला. ही चीटिंग झाली हं."

काकांनी उरलेले तांदूळ वेचले आणि फाटलेला थैला दोरीने बांधला. मग टेरीच्या मदतीने गाडी ट्रेलरवर चढवली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दहा किलोची नवी पिशवी घेऊन शेजारी गेलो. दार काकींनी उघडलं. डोक्याला लोकरीची टोपी. त्यांची ट्रीटमेंट चालू होती हे मला माहीत होतं. पण त्यांच्या घरात त्यावर कोणी बोलत नसे आणि मीही सोयीस्करपणे विचारत नसे. काका फार्मसीत गेले होते.

"ठेव तिथं टेबलावर," काकी म्हणाल्या. टेबलावर काकांची ट्रायलची वही होती, घाईत उघडीच राहून गेलेली. मी बघायला नको होतं, पण बघितलं. डाव्या रकान्यात 'विमल', उजव्यात 'तांदूळ'. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. छप्पन, छप्पन. त्रेपन्न, त्रेपन्न. कालच्या तारखेपुढे सत्तेचाळीस, आणि त्याच्यासमोर तेवढेच.

नवी पिशवी अजून माझ्या कडेवर होती.

"बस," काकी म्हणाल्या. "काल तू चीटिंग म्हणालास, एवढं सांगितलं त्यांनी. हसत सांगितलं. पण जेवले नाहीत."

"काकी, मला खरंच..."

"तुला कसं माहीत असणार? त्यांना वाटतं, तांदळाचं हे गणित मलाही माहीत नाही." त्या बोलता बोलता थांबल्या, दम घेतला. "अरे, मी जुनी नर्स. दर शनिवारी मला काट्यावर उभं करतात आणि म्हणतात, ठीक आहे, ठीक आहे. मग गॅरेजमध्ये जातात. किचनमध्ये मला तांदूळ ओतल्याचा आवाज येतो. किती वेळ आला त्यावरून मला कळतं, किती उतरलं ते." त्यांनी वही बंद केली. "तू सांगू नकोस हं त्यांना."

मी नाही सांगितलं. पुढच्या रविवारी सत्तेचाळीस किलोचा नवा शिवलेला थैला मी सीटवर ठेवला तेव्हा मात्र नेहमीसारखा आदळला नाही. थैल्याचा पट्टा बांधला, मग जरा जास्त घट्ट झाला असं वाटून सैल केला. काका माझ्याकडे बघत होते.

"काय बे, पुणेकर?"

"काही नाही," मी म्हणालो आणि झारी उचलली.

त्या दिवशी गाडीने बरोबर आठ दिले. काकांनी आकडा वहीत लिहिला, टोपण लावलं, आणि कितीतरी वेळ त्या मागच्या सीटकडे बघत राहिले. "झालं," एवढंच म्हणाले. इतक्या महिन्यांनी मिळालेल्या गोष्टीचा इतका कमी आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जानेवारीत ट्रेलर जागचा हलला नाही. काकांनी 'देते किती?' विचारणंही सोडलं होतं. घराबाहेर हॉस्पिटलची गाडी यायची, काकींना हात धरून बसवायचे, आणि ड्रायव्हरकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मार्चमधल्या एका शनिवारी मी मीटिंगमध्ये होतो. काय करणार, आयटी. आमच्या कॉमन भिंतीवर दणदण मुठी बसल्या. पलीकडून काकांचा आवाज, "पुणेकर! अबे ये लवकर!"

मी लॅपटॉप तसाच टाकून पायजम्यात धावलो. गॅरेजचं शटर वर. काका थैल्याचं तोंड उघडून उभे होते आणि पातेल्यातून तांदूळ आत ओतत होते. आत. पहिल्यांदा मी तांदूळ आत जाताना पाहत होतो.

"दीड किलो!" काका म्हणाले. तांदूळ बाहेरही सांडत होते. "दीड किलो वाढली! म्हणजे आता ॲव्हरेज पडणार. आठ नाही देत ती आता, पावणेआठ दिले तरी डोक्यावरून पाणी. सगळी मेहनत गेली पाण्यात!" आणि ते इतके हसले की त्यांना शटरचा आधार घ्यावा लागला.

आतल्या दारात काकी उभ्या होत्या, टोपीतच. हातात भाताची वाटी. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, आणि एक घास तोंडात घातला.

"खा, खा," काका म्हणाले. "ॲव्हरेज सातवर आण. मी बघतो पुढचं."